सूचक आणि अनुमोदक

मोसम नदीच्या काठी, नामपूरच्या बाजारापासून फार लांब नाही, असं आमचं गाव. म्हणजे माझं सासर. मी मनमाडची. वडील रेल्वेत फिटर होते आणि आम्ही रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. तिथं एका भिंतीपलीकडे तेलुगू घर, दुसऱ्या भिंतीपलीकडे मराठी आणि समोर ख्रिश्चन. आपण कुणी वेगळे आहोत हे मला लग्न होऊन गावात येईपर्यंत फारसं जाणवलं नव्हतं.

गावात मोठी संख्या शेतकरी मराठ्यांची. आमचा मोहल्ला मशिदीभोवतीचा, थोड्याच घरांचा. बांगड्यांचं दुकान, सायकलचं दुकान, दोन-तीन भंगारवाले, काही मजूर आणि आमच्या घरच्यांचं, विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी दुरुस्त करायचं, रिवाइंडिंगचं दुकान. नाल्यापलीकडे भिल्लांची वस्ती. वॉर्ड पाडताना कुणीतरी आमचा मोहल्ला आणि ती वस्ती एकत्र घातली होती. वॉर्ड एक, पण येणं-जाणं नाही. आम्ही नाला ओलांडत नव्हतो आणि ते कामाला निघाले की मोहल्ल्यातून न जाता बांधाबांधानं शेतावर जायचे.

आरक्षणाची सोडत निघाली आणि आमच्या वॉर्डात एक जागा सर्वसाधारण बाईसाठी आली, एक अनुसूचित जमातीच्या बाईसाठी. गावातलं पॅनल ज्यांच्या हातात, त्यांना सगळे नाना म्हणतात. नाना आमच्या दुकानावर आले, ह्यांच्याशी बोलले आणि चहा पिता पिता म्हणाले, "मोहल्ल्याची एक जागा असतेच. ती काय आम्ही मोडणार नाही. या खेपेला बाई पाहिजे. भाभी शिकलेल्या आहेत, मराठी चांगलं बोलतात. सभेत शोभतील."

मी आतल्या दाराशी उभी होते. शोभतील हा शब्द मला तेव्हा खटकला नाही, उलट बरंच वाटलं. डी.एड. करूनही नोकरी लागली नव्हती, घरी मुलांच्या शिकवण्या घेत होते. कुणीतरी आपल्या शिक्षणाची दखल घेतली, एवढंच मनात आलं.

त्या संध्याकाळी सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "ही जाणार असेल तर हीच जाईल. तू हिच्या खुर्चीवर जाऊन बसायचं नाही. बाकीच्या बायांचे नवरे बसतात तसं." सासूबाई कमी बोलायच्या. त्यामुळे त्या बोलल्या की घरात ते ठरलेलं असायचं.

मोहल्ल्याची एक जुनी मागणी होती. आमचं कब्रस्तान नाल्याच्या कडेला. पावसाळ्यात एक बाजू ढासळते, कुत्री आणि डुकरं आत शिरतात. भिंत हवी होती. मतदानाच्या आधी नाना मशिदीसमोरच्या ओट्यावर येऊन बसले. मोहल्ल्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला आम्ही चाचा म्हणतो. नानांनी चाचांचा हात हातात घेतला आणि सर्वांसमोर म्हणाले, "भिंत माझ्याकडे लागली." मोहल्ल्यानं एकगठ्ठा मतं दिली. मी निवडून आले.

वस्तीतून निवडून आलेली बाई नानांच्याच शेतावर कामाला जायची. तिचा नवरा नानांकडे सालदार होता, वर्षाच्या बोलीवर बांधलेला गडी. तिनंच मला पुढे सांगितलं की फॉर्म भरायला सटाण्याला नेलं तेव्हा तिला रेशनकार्डाचं काम आहे असं वाटलं होतं. फोटो काढला, अंगठ्याऐवजी सही करायला लावली, ती तिला येत होती. घरी आल्यावर वस्तीतल्या पोरी म्हणायला लागल्या, तू आता मेंबर होणार. तिला हसू आलं होतं.

पहिल्या मासिक सभेला मी गेले तेव्हा ती दाराजवळ खाली फरशीवर बसली होती. वर तीन-चार खुर्च्या रिकाम्या होत्या.

मी म्हटलं, "बाई, वर बसा ना."

"मले इठेच बरं शे," ती म्हणाली.

"तुम्ही मेंबर आहात. मी वर आणि तुम्ही खाली, हे कसं दिसेल?"

तिनं एकदा कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं नाना बसले होते. नाना सदस्य नव्हते. सरपंच त्यांची सून होती, थेट निवडून आलेली. पण नाना प्रत्येक सभेला असायचे आणि त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवलेली असायची. नाना हसून म्हणाले, "बस गं वर, बस." मग ती उठली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली. सभा संपेपर्यंत तशीच, अर्धी खुर्ची मोकळी ठेवून.

सुरुवातीच्या सभांमध्ये मी बोलून पाहिलं. मुलींच्या शाळेतल्या संडासाला दार नव्हतं, ते मी मांडलं. एक सदस्य म्हणाले, "भाभी, शाळेचं आम्ही बघतो. तुम्ही मोहल्ल्यात काय अडचण असेल ते सांगा." पुढच्या सभेत मी कांद्याच्या गाड्यांमुळे फुटलेल्या रस्त्याबद्दल बोलले. परत तेच. "मोहल्ल्यात काही त्रास आहे का?" ते कुणी रागानं म्हणत नव्हते. आपुलकीनंच विचारत होते. पण मला हळूहळू कळलं की या खोलीत माझ्या बोलण्याला मशिदीच्या गल्लीएवढीच हद्द आहे. त्यापलीकडचं गाव माझं नाही, आणि ते माझं नाही हे एवढं उघड आहे की कुणाला सांगायचीही गरज वाटत नाही.

तिला तर तेवढंही कुणी विचारत नव्हतं.

घरी जाताना आमची वाट मारुतीच्या पारापर्यंत एक होती. त्या वाटेवर ती बोलायची. सभेत जे घडलं ते मला विचारायची. एकदा तिनं विचारलं, "भाभी, ते भाऊसाहेब वाचतस ना, सूचक, अनुमोदक... ते काय शे?" ग्रामसेवकांना गावात भाऊसाहेब म्हणतात. मी तिला सांगितलं की ठराव जो मांडतो तो सूचक, आणि त्याला हो म्हणून जो उभा राहतो तो अनुमोदक. दोघं असल्याशिवाय ठराव चर्चेलाच येत नाही.

"एकलाच बोलना तर?"

"तर ते नुसतं बोलणं. लिहिलं जात नाही."

ती थोडं चालली. मग म्हणाली, "म्हन्जे जोडीदार लागस." आणि पाराकडून नाल्याच्या वाटेला वळली.

पुढच्या श्रावणात तिचा सासरा वारला. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं, नदी भरून वाहत होती. सकाळी तिचा फोन आला. ती फोनवर रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "भाभी, आमना म्हतारा गया. तुम्ही या."

मी आणि हे गेलो. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि नाला ओलांडून वस्तीत जायची माझी ती पहिलीच वेळ. म्हाताऱ्याला बाजेवर ठेवलं होतं, अंगावर नवं धोतर. भोवती बाया बसल्या होत्या. पुरुष घोळका करून उभे होते आणि त्यांच्यात हलक्या आवाजात काहीतरी तणतण चालली होती. मला वाटलं पाहुण्यांची वाट पाहताहेत. मग कळलं की न्यायचं कुठं, हाच प्रश्न होता.

वस्तीतले लोक आपली माणसं पुरतात. पिढ्यानपिढ्या ती नदीकाठच्या एका पट्ट्यात पुरायचे. त्या पट्ट्याकडे जायची वाट एका शेतातून होती. ते शेत नानांच्या चुलतभावाचं. त्या वर्षी त्यानं तिथं डाळिंब लावलं होतं आणि चौफेर तारेचं कुंपण घातलं होतं. बाग बाहेरच्या देशात जाणाऱ्या मालाची, माणसांची ये-जा चालणार नाही, मयत तर नाहीच, असं त्यानं सांगून टाकलं होतं. दुसऱ्या बाजूनं नदीतून जायचं तर नदी भरलेली. सकाळपासून दोनदा माणसं त्याच्याकडे जाऊन आली होती. त्यानं फाटक उघडलं नाही.

ती बायांमधून उठून माझ्याकडे आली. माझा हात धरून तिनं मला बाजूला नेलं.

"भाभी, एक इचारू का?"

"विचारा ना."

"तुम्ही बी पुरतस. तुमना कब्रस्तानमा एक माणूसनी जागा मियी का?"

तिच्या मागे तिची मुलगी उभी होती, माझ्याकडे बघत. मी म्हटलं, "मी विचारून येते."

मी चाचांकडे गेले. ते ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. चाचांनी मला बसायला सांगितलं. मग म्हणाले, "बेटी, मय्यतीला नाही म्हणणारा मी कोण? जमीन अल्लाची आहे. पण आज मी हो म्हटलं तर उद्या काय उठेल माहीत आहे? म्हणतील, यांनी भिल्ल बाटवले. कुणीतरी फोनवर फोटो फिरवेल. गाड्या भरून बाहेरची माणसं येतील. त्यांच्यावरही येईल आणि आपल्यावरही येईल. ते गरीब आहेत, आपण थोडे आहोत. हे ओझं दोघांनाही उचलवणार नाही."

मला राग आला होता, पण ते खोटं बोलत नव्हते हेही मला कळत होतं. मी उठले तेव्हा त्यांनी हाक मारली. "थांब. आपली पोरं पाठवतो. फावडी, पहारी घेऊन. जागा कुठंही ठरू दे, खड्डा आपली पोरं खणतील. पावसाची जमीन आहे, त्यांना एकट्यांना उरकणार नाही."

अखेर टेकडीच्या पायथ्याशी, गायरानाच्या कडेला जागा धरली. मुरूम होता, पहारी वाजत होत्या. मोहल्ल्यातली आणि वस्तीतली माणसं आळीपाळीनं खड्ड्यात उतरत होती. दुपार उलटून गेल्यावर म्हातारा मातीत गेला. त्याच्या उशाशी त्याची काठी ठेवली. त्यांच्या रीतीप्रमाणे जे म्हणायचं ते त्यांच्या भगतानं म्हटलं. आमची पोरं तेवढा वेळ टोप्या घालून बाजूला उभी राहिली.

दोन दिवसांनी नानांचा निरोप आला. मग नाना स्वतःच आले, ह्यांच्या दुकानावर नाही, सरळ घरी. सासूबाई पडद्याआडून ऐकत होत्या.

"भाभी, झालं ते झालं," नाना म्हणाले. "अडीअडचणीला माणूस काहीबी करतं. पण गायरान सरकारी आहे. आज एक मयत गेली, उद्या दुसरी जाईल, परवा झोपड्या पडतील. त्यांना समजवा. आणि तुमचं काम वर आलंय. स्मशान-दफनभूमीचा निधी यंदा आपल्या गावाला एका कामापुरता आहे. येत्या सभेत तुम्ही भिंतीचा ठराव मांडा, आम्ही सगळे हात वर करतो. बाकीचं लय मनावर घेऊ नका."

ते गेल्यावर सासूबाई बाहेर आल्या. मला वाटलं काही म्हणतील. त्या फक्त चहाचे कप उचलून आत गेल्या.

ती सभा मला आजही जशीच्या तशी आठवते. भाऊसाहेबांनी विषय वाचले. दिवाबत्ती, पाणीपट्टी, मग भिंतीचा विषय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडायच्या आत शेजारची खुर्ची वाजली. ती उभी राहिली होती. सभेत ती उभी राहिली आहे असं कधीच झालं नव्हतं, त्यामुळे एक सदस्य म्हणाले, "काय गं, पाणी पाहिजे का?"

"नही," ती म्हणाली. "मले ठराव मांडना शे."

खोलीत कुणीतरी हसलं. ती थांबली नाही. तिचा आवाज कापत होता आणि ती नानांकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघून बोलत होती. "आमना माणूस मरस तर आम्हले जागा नही. टेकडीपाशी जठे आमना म्हतारा शे, ती जागा वस्तीले द्या. माणूस पुरानी जागा म्हणून लिखी द्या. रस्ता द्या. बस. दुसरं काही मांगत नही."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. नियम होता म्हणून त्यांना विचारावंच लागलं. "अनुमोदक कोण?"

पंखा फिरत होता. सरपंच बाई टेबलावरच्या कापडाची किनार सरळ करत होत्या. नाना माझ्याकडे बघत होते, आणि ते बघणं धमकीचं नव्हतं. एखाद्या समजूतदार माणसाकडे बघावं तसं होतं.

मला त्या क्षणी तत्त्वं वगैरे काही सुचलं नाही. चाचा डोळ्यापुढे आले, पावसात ढासळलेली कब्रस्तानची कड आली, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईचा लुगडं घट्ट धरलेला हात दिसला. मी म्हटलं, "भाऊसाहेब, अनुमोदन माझं. लिहा."

"आणि भिंतीचं?" भाऊसाहेबांनी हळूच विचारलं.

"निधी एका कामापुरता आहे ना? ज्यांना जागाच नाही त्यांचं आधी करा. भिंत पुढच्या वर्षी."

नाना सावकाश म्हणाले, "विषय मोठा आहे. पुढच्या सभेत ठेवू." सरपंच बाईंनी मान हलवली आणि सभा संपली.

मी घरी पोहोचायच्या आधी बातमी मोहल्ल्यात पोहोचली होती. शुक्रवारच्या नमाजनंतर ह्यांना ओट्यावर बोलावलं. हे परत आले आणि म्हणाले, "तू स्वतःच चल. मला उत्तर देता येत नाही." मी गेले. पुरुषांच्या घोळक्यापुढे बाईनं जाऊन उभं राहणं आमच्याकडे फारसं नसतं. चाचांनी सगळ्यांना गप्प केलं आणि मला समोर बसायला सांगितलं.

"बेटी, तुला आम्ही पाठवलं ते कुणासाठी?"

"वॉर्डासाठी, चाचा. वस्तीही आपल्याच वॉर्डात आहे. त्यांचीही मतं मला पडली आहेत."

"वॉर्ड," चाचा म्हणाले. "उद्या काही पेटलं तर वॉर्ड येईल का आपल्या दारापुढे उभा राहायला? गावात इतक्या खुर्च्या. सगळ्या त्यांच्या. आपली एक. त्या एकीवर बसलेल्या माणसानंसुद्धा आपलं मागायचं नाही, तर मग कुणी मागायचं?"

मी एवढंच म्हटलं, "चाचा, मी फक्त आपलंच मागितलं, तर ते मला फक्त आपल्यापुरतीच मोजतात. त्या खोलीत बसून मी ते पाहिलं आहे." काहींनी माना हलवल्या, बरेच जण उठून गेले. चाचा रागावले नव्हते. थकल्यासारखे दिसत होते.

पुढच्या सभेतही विषय पुढे ढकलला गेला. मग मला महिला ग्रामसभेची आठवण झाली. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते आणि तिचे ठराव ग्रामसभेपुढे ठेवायचे असतात, असं कायदाच सांगतो. आमच्या गावात ती कागदावर व्हायची. मी भाऊसाहेबांकडे गेले आणि म्हटलं, "या वेळी ती खरी घेऊ." त्यांनी डोकं खाजवलं. "कोण येणार, भाभी?" तरी त्यांनी शाळेच्या फळ्यावर नोटीस लावली. भला माणूस होता तो. उघड बाजू घेत नव्हता, पण जे नियमात आहे ते नाही म्हणत नव्हता.

वस्तीतल्या बाया शेतावरून परस्पर आल्या, कमरेला विळे खोचलेले. गावातल्या काही मराठा बायाही आल्या, बहुतेक बचत गटातल्या. मोहल्ल्यातून कुणी येईल अशी मला आशा नव्हती. मी वस्तीतल्या मेंबर बाईशी बोलत उभी होते आणि शाळेच्या फाटकातून सासूबाई आत येताना दिसल्या. त्यांच्यामागे आमच्या गल्लीतल्या सात-आठ बाया, बुरखे घातलेल्या. सासूबाई यापूर्वी शाळेच्या पटांगणात मतदानाखेरीज कधी आल्या नव्हत्या.

तिनं ठराव मांडला. आता आवाज कापत नव्हता. मी अनुमोदन दिलं. मराठा बायांमधली एक म्हणाली, "पण भिंतीचं काय? मोहल्ल्याचं नुकसान नको व्हायला." तिनं ते चांगल्या मनानंच म्हटलं होतं. सासूबाई उठल्या. त्यांना मराठी नीट येत नव्हती, उर्दू मिसळलेलं असं त्यांचं बोलणं.

"मेरे घरवाल्याला पुरलं तेव्हा भिंत नव्हती," त्या म्हणाल्या. "जागा होती. जागा होती म्हणून सुकून होता. या बायांना जागा द्या."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. हात वर झाले. सरपंच बाईंनी, म्हणजे नानांच्या सुनेनं, हात वर केला नाही, पण अध्यक्ष म्हणून ठरावाखाली सही केली. तिला घरून काही सांगितलं गेलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि तरी तिनं केली, हे मला कधीच कळलं नाही. मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत नाना उठले. मला वाटलं आता मोडणार. नाना म्हणाले, "बायांनी ठरवलं आहे तर आपण कशाला आडवं जायचं? आपलं गाव कुणाला मातीपासून तोडणारं नाही." टाळ्या पडल्या. तहसीलला अर्ज गेले, बऱ्याच हेलपाट्यांनंतर तलाठ्यानं जागा मोजून चारी कोपऱ्यांना दगड लावले. टेकडीचा तो तुकडा वस्तीची दफनभूमी म्हणून लागला. निधी मात्र तिकडेही गेला नाही आणि भिंतीकडेही नाही. तो गावच्या स्मशानातल्या शेडला गेला. रस्ता अजून झालेला नाही.

नानांनी कुणावर आवाज चढवला नाही. फक्त त्यांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या मोटरी ह्यांच्या दुकानावर यायच्या बंद झाल्या, त्या नामपूरला जायला लागल्या. मोहल्ल्यात लोक सलाम करायचे, पण थांबून बोलायचे नाहीत. आणि तिच्या नवऱ्याला अक्षय तृतीयेला, सालाची बोली संपली तेव्हा, नानांनी पुढची बोली दिली नाही. गावात दुसऱ्या कुणी दिली नाही. "ते नानांचं माणूस," एवढंच म्हणायचे.

ते दोघं दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांवर गेले. मुकादमाच्या टोळीबरोबर, बागेतच राहायचं. ती मला फोन करून सभेची तारीख विचारायची. एकदा मजुरी बुडवून, एस.टी. बदलत बदलत आली. त्या दिवशी बाकीचे सदस्य आलेच नाहीत. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली, म्हणजे तिची हजेरी धरली गेली नाही. ती, मी आणि भाऊसाहेब, तिघंच रिकाम्या खुर्च्यांत बसलो होतो. ती मला म्हणाली, "आज कोनी कसं उनं नही?" भाऊसाहेब फाईल आवरत राहिले.

सलग सहा महिने परवानगीशिवाय सभेला गैरहजर राहिलं की सदस्यपद जातं. मी तिला रजेचा अर्ज करायला सांगितलं होतं, मीच लिहूनही दिला होता. सभेनं तो मंजूर केला नाही. अर्जाच्या बाजूनं एकटी मी होते, आणि या वेळी जोडीला कुणी नव्हतं. तिची जागा रिकामी झाली. पोटनिवडणूक लांबत गेली आणि मुदत संपेपर्यंत झालीच नाही. उरलेला काळ माझ्या शेजारची खुर्ची मोकळीच राहिली आणि नंतर शिपायानं ती उचलून दुसरीकडे ठेवली.

पुढच्या निवडणुकीत मला कुणी विचारलं नाही. मोहल्ल्यातला एक शांत स्वभावाचा माणूस निवडून आला आणि त्यानं भिंत करून घेतली. भिंत चांगली झाली आहे, मी हे मनापासून म्हणते. सासूबाई वारल्या तेव्हा त्याच भिंतीच्या आत त्यांना ठेवलं. चाचा जनाज्याला आले होते, काठी टेकत. माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी दादी हट्टी होती." मग माझ्याकडे बघून, "आणि बरोबर पण होती, कदाचित."

आता मुलीच्या कॉलेजसाठी आम्ही नाशिकला राहतो. ह्यांनी इथं छोटं दुकान टाकलं आहे, मी एका खाजगी शाळेत मराठी शिकवते. गेल्या हिवाळ्यात मी दिंडोरीला जाऊन तिला भेटले. छाटणी झालेल्या बागेत ती वेली बांधत होती. डोक्याला रुमाल, हात काळे पडलेले. आम्ही बांधावर बसलो. तिनं बरोबरच्या बायांना सांगितलं, "या आमना भाभी. आम्ही संगे मेंबर व्हतूत." बाया हसल्या. त्यांना ते खरं वाटलं नाही.

गावाकडची चौकशी झाली. टेकडीच्या जागेत आता आणखी माणसं गेली आहेत, तिची नणंदही. मग तिनं विचारलं, "मनी जागावर आते कोन शे?"

मी सांगितलं, वस्तीतलीच एक सून. नानांच्याच पॅनलमधून.

"बोलस का ती?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "भाऊसाहेब बदलून गेले. मला आता तिथलं कुणी सांगत नाही."

तिनं हातातली सुतळी दातानं तोडली आणि पुढचा तुकडा मोजायला घेतला. "मी बी पहिलं वरीस कोठे बोलनू?" ती म्हणाली. मग मुकादमाची हाक आली आणि ती उठली. मी थोडा वेळ तिथंच बसून तिला ओळीच्या दुसऱ्या टोकाकडे काम करत जाताना बघत राहिले.